एक जूनची माणसं

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

अर्ज पुन्हा अडकला! आता मला त्या पोर्टलचं तोंडसुद्धा बघवत नाही. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज अजून संभाजीनगरच्या जुन्या कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे. ते म्हणतात, "तुम्ही इथून नाव काढलं, आता आमचा संबंध नाही." भोकरदनचं नवं कॉलेज म्हणतं, "त्यांनी सोडल्याशिवाय आम्हाला दिसत नाही." टीसी आली, मी आले, केदारखेड्याहून रोज एसटीने येऊन वर्गात बसते, हजेरीत नाव आहे. फक्त कॉम्प्युटरच्या हिशेबाने मी अजून भोकरदनला पोहोचलेली नाही.

शिष्यवृत्तीच्या टेबलवर अंगदभाऊ असतात. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण माणूस खरा. त्यांनी सरळ सांगितलं, "यंदा ह्याच्या भरवशावर राहू नका ताई. परीक्षेचा फॉर्म भरायचा तर आधी फी. एकतीस ऑक्टोबर."

फी नाही तर फॉर्म नाही. फॉर्म नाही तर बीएस्सीचं दुसरं वर्ष गेलं. एवढं साधं आहे.

१९ ऑगस्ट

घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "बघू." पप्पांचं बघू म्हणजे जीपचे टायर पुढच्या वर्षावर. ते तर गेल्या वर्षीच पुढच्या वर्षावर गेलेत! भोकरदन-जाफराबाद रोडवर त्या टायरांवर माणसं बसवून नेतात आणि वर मलाच सांगतात, एसटीच्या दारात उभी राहू नको.

कल्याण मधेच म्हणाला, "मी बारावी सोडतो यंदा. तू शीक. माझं तसंबी एक साल काविळीत गेलंच की." दहावीला कावीळ झाली तेव्हा त्याचं वर्ष बुडलं होतं, ते अजून पुरवून वापरतो. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

पण तो थट्टा करत नव्हता. ते मला कळलं. दोघांपैकी एकाने थांबायचं हा विषय आमच्या घरात आजवर निघाला नव्हता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अंगदभाऊंनी हाक मारून एक कागद दिला. जालन्यातल्या बियाणेवाल्यांचा एक ट्रस्ट आहे. दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेल्या मुलांची वर्षाची फी भरतात — पण घरात सख्खं भावंड शाळेत शिकत असलं तरच. त्यांचं म्हणणं, दोन लेकरं एकदम शिकतात त्या घराची ओढाताण जास्त. बरोबर आहे ना! हे शहाणपण सरकारला कधी सुचायचं?

मी बदलून आलेली. कल्याण शाळेत. आमच्यासाठीच काढलाय जणू!

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी फॉर्म भरला. आई मेथी निवडत होती, मी मोठ्याने नियम वाचत होते. चौथा नियम — सख्खं भावंड शाळेत शिकत असावं, दोघांच्या जन्मतारखांचे पुरावे जोडावेत. पाचवा — अर्जदाराची आई अथवा वडील हयात नसल्यास चौथी अट लागू नाही.

मी म्हटलं, "आई, तू नसतीस तर काम किती सोपं झालं असतं बघ! कल्याणची गरजच नाही!"

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसते. "असलं बोलू न्हाई," म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "वाच बरं ते परत." वाचलं. ती मेथीच्या काड्या उचलून बाहेर गेली.

१ सप्टेंबर, सोमवार

जालन्याला जाऊन आलो, मी आणि कल्याण. ट्रस्टचं ऑफिस म्हणजे मोंढ्याच्या बाजारात बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. तिथे राधेश्यामजी नावाचे म्हातारे गृहस्थ बसतात. आधी पाणी दिलं, मग कागद हातात घेतले. वाचता वाचता थांबले.

"बेटा, तुझी तारीख एक जून दोन हजार सहा. याची नऊ डिसेंबर दोन हजार सहा. सहा महिन्यांत दोन लेकरं?"

कल्याण फिस्सकन हसला. मी त्याला कोपराने ढोसलं आणि समजावून सांगितलं — आमच्या गावात सगळेच एक जूनचे. ते म्हणाले, "अरे मालूम है! आमच्या गोदामावर अकरा हमाल हैत, अकराही जणांचा बड्डे एकाच दिवशी. पण ट्रस्टींना कागद लागतो ना. तारीख अंदाजाने लावली म्हणून गुरुजींचं लेखी आणा, नाहीतर जन्माचा दाखला आणा. पंधरा ऑक्टोबरपर्यंत. सख्खे आहात हे दिसलं की मंजूर. बिलकुल."

म्हणजे एका सहीचं काम. येताना कल्याणने मला समोसा चारला, स्वतःच्या पैशाने. इतिहासात नोंद व्हावी!

२ सप्टेंबर

ही एक जूनची भानगड लिहूनच ठेवते.

आमच्या शाळेत माझ्या वर्गात एकतीस पोरं होती. त्यांतली सव्वीस एक जूनची. शाळेत नाव घालायला आईबाप यायचे, त्यांना तारीख माहीत नसायची — पेरणीत झाला, पूर आल्ता त्या साली झाली, असलं काहीतरी. मग अण्णासाहेब गुरुजी वय ठरवायचे आणि एक जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये सुरू, वयही जूनमध्ये पूर्ण! वर्गाच्या ग्रुपवर अजून एक जूनला सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात. सरपंच एक जून, पोलीसपाटील एक जून, पप्पासुद्धा एक जून.

माझा खरा वाढदिवस पाच जानेवारी. आईचं सांगणं ठरलेलं — "तुझे पप्पा कोरेगावला गेल्ते, मानवंदनेला. तिकून आले अन् चौथ्या दिवशी तू झालीस. घरीच." ते साल दोन हजार पाच. घरी झाले म्हणून नोंद नाही, दाखला नाही. कल्याण भोकरदनला दवाखान्यात झाला, त्याचा दाखला आहे. मी त्याच्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी मोठी आणि कागदावर सहा महिन्यांनी. तो मला ताई म्हणत नाही तो ह्या कागदाच्याच जोरावर.

दर पाच जानेवारीला आई रव्याची खीर करते. एक जूनला मात्र आमच्याकडे कुणालाच काही नसतं. पप्पांनाही नाही.

३ सप्टेंबर

आईला सांगितलं, गुरुजींकडे जायचंय. "लय थकलेत ते. कशाला तरास द्यायचा?"

एका सहीचा त्रास!

७ सप्टेंबर, रविवार

पौर्णिमा. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, म्हणून सकाळपासून घर झाडणं. मी बुद्धाची, बाबासाहेबांची तसबीर पुसली. रूपालीमावशीचा फोटो पुसायला घेतला तर आईने हातातून घेतला. तो तीच पुसते, दरवेळी. आईची धाकटी बहीण. खाली लिहिलंय — कालकथित रूपाली, मृत्यू ४ जून २००६. मी दीड वर्षाची होते तेव्हा. मला काही आठवत नाही. शेजारच्या साळूबाई मला बघून नेहमी म्हणतात, "नाक बघ, रूपालीचंच!" मावशीवर भाचीचं नाक जातं म्हणे.

आईला पुन्हा गुरुजींचं विचारलं. ती म्हणाली, ते लेकीकडे गेलेत जाफराबादला.

१२ सप्टेंबर

अंगदभाऊ: "झालं का ताई ते?" मी: "होतंय." खोटं बोलायची सवय लागतेय.

१३ सप्टेंबर

पप्पांना म्हटलं, मंग तुम्हीच शपथपत्र करा तहसीलला, ही तारीख खोटी आहे म्हणून. पप्पा आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "राहू द्या ती तारीख. जी हाय ती हाय."

जी आहे ती खोटी आहे! अख्ख्या गावाला माहीत आहे खोटी आहे! त्या एका खोट्या तारखेपायी माझं वर्ष जाणार आणि हिला तारखेची काळजी. मला इतका संताप आला की ताटावरून उठले. (भूक होती. चूक झाली.)

१४ सप्टेंबर, रविवार

कल्याणने शाळेत विचारून ठेवलंय, मधूनच नाव काढलं तर पुढच्या वर्षी घेतात का. मला त्याच्या मित्राकडून कळलं. घरी येऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो म्हणाला, "विचारायला काय पैसे पडतेत का?" मला रडू आलं आणि मग त्याचाच राग आला.

नाही. हे होऊ द्यायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज आईला न विचारता गेले. सकाळी पप्पांच्या जीपमध्ये बसले, पुढच्या सीटवर, चौघांत पाचवी. पप्पांनी भोकरदन सुटल्यावर विचारलं, "आईला सांगून आलीस का?" म्हटलं, न्हाई. पप्पांनी जाफराबादपर्यंत एक शब्द काढला नाही. एरवी गाडी चालवताना पप्पा थांबत नाहीत बोलायचे. उतरताना मी "भाडं घ्या" म्हणून विनोद केला, तरी हसले नाहीत.

गुरुजी लेकीच्या ओट्यावर उन्हात बसले होते. सत्तरीचं वय, पण आवाज तसाच, अजून छडी शोधावी असा. मला ओळखलं. "राजानंदची पोरगी ना? आकांक्षा. गणितात बरी होतीस." मी खूश! सगळं सांगितलं, कोरा कागद पुढे केला. गुरुजी, फक्त एवढं लिहा, तारीख अंदाजाने लावली.

गुरुजींनी पेन घेतलं. मग ठेवलं.

"सगळ्यांची मीच लावली, खरं हाय. लबाडी म्हण, सोय म्हण. पण तुझी मी लावली न्हाई."

"मंग कुणी लावली?"

"तुझ्या आईनं सांगितली. मला चांगलं ध्यानात हाय, कारण तारीख सांगणारी ती एकटीच होती. मी म्हणलं, बाई, एक जूनच लिवणार हाय मी, सगळ्यांची तीच लिवतो. तर म्हणली, न्हाई गुरुजी, हिची खरीच हाय. बराबर लिवा, साल बी चुकवू नका."

मी म्हटलं, असं कसं, मी जानेवारीची. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला आता खोटं लिवायला सांगू नको, पोरी. सेवेत असताना लय लिवलं. जा, आईला विचार."

कागद कोराच घेऊन आले.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ

विचारलं. आई चूल सारवत होती, हात थांबले. "म्हातारं झालंय ते मानूस. इसरलं."

"गणितात बरी होते ते नाही विसरले!"

मग मी बोलू नये ते बोलले. "तुला मी शिकायलाच नकोय. कल्याणसाठी असतं तर पळत गेली असतीस!"

आई उठली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसली. पप्पा तिच्याजवळ जाऊन बसले.

२२ सप्टेंबर

बोलणं बंद. तिचं नाही, माझं.

२५ सप्टेंबर

ती डब्यात रोज माझ्या आवडीचं देतेय. आज शेंगदाण्याची चटणी. मी खाते आणि बोलत नाही. काय चाललंय माझं!

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेलो सगळे, पांढरे कपडे घालून. आई माझ्या शेजारी बसली. वंदना संपल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. मी म्हटलं, "जाऊ दे आई. फी जमली तर जमली. नाहीतर एक वर्ष मी तुझ्या अंगणवाडीत खिचडी वाटते." मला खरंच तसं वाटत होतं. तेरा दिवस उरले होते आणि कुठूनच कागद मिळणार नव्हता.

ती म्हणाली, "खिचडी वाटायला मी हाय ना."

६ ऑक्टोबर, सोमवार

नवलच! आई आज एकटी जालन्याला गेली. अंगणवाडीत सुट्टी टाकून. एकटी ती भोकरदनच्या पुढे कधी गेलेली नाही, बसमध्ये तिला मळमळतं. सकाळी तिची लोखंडी पेटी उघडली, तळातून प्लास्टिकची एक पिशवी काढली, ती पदराखाली घेतली. पांढरी साडी, विहारातली. मी म्हटलं, मी येते. "कालेज बुडवू नको." पप्पा म्हणाले, "मी सोडतो." त्यांनाही नाही म्हणाली.

फक्त मला विचारलं, त्या मानसाचं नाव काय. राधेश्यामजी. बियाण्याचं कोणतं दुकान? मी कागदावर लिहून दिलं, बसस्टँडवरून कसं जायचं तेही.

संध्याकाळी आली. तोंड सुकलेलं. "दिले कागद."

कोणते कागद? "लागत व्हते ते." काय म्हणाले? "पानी दिलं. चांगला मानूस हाय." आणि? "अर्ध्या तिकिटात गेले अन् अर्ध्या तिकिटात आले," म्हणाली आणि एकदम हसली. मी पण हसले. तेवढ्यात तिचे डोळे भरले, ती म्हणाली बसमधली धूळ.

मला वाटतं तिने पप्पांना न सांगता काहीतरी शपथपत्र केलं असावं. तिला खोटं लिहून द्यायचं नव्हतं आणि माझ्यासाठी दिलं. मी कल्याणचं जे बोलले ते आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तिला म्हटलं, "मी तसं बोलायला नको होतं." ती म्हणाली, "कधी बोललीस? मला न्हाई आठवत."

१६ ऑक्टोबर

अजून काही नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. कल्याण फिजिक्स करतोय, मी त्याला शिकवतेय. शाळा सोडायचं नाव काढत नाही. मी काढू देत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मंजूर.

पत्र अंगदभाऊंच्या टेबलवर आलं होतं. पूर्ण वर्षाची फी. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, मला उभं राहू दिलं नाही, खुर्ची दिली. मग पत्र दिलं.

अर्जदाराची आई कालकथित रूपाली, मृत्यू ४ जून २००६. अर्जदाराच्या जन्माचा (१ जून २००६) व आईच्या मृत्यूचा दाखला पाहिला. पाचव्या नियमानुसार भावंडाची अट लागू नाही. पालक: बेबीनंदा राजानंद. अर्जदाराशी नातं: मावशी. सोबत जोडलेल्या जबाबावर आईची सही, एकेक अक्षर सुटं, वर्गात पाटीवर काढतात तशी.

एक जून ते चार जून. तीन दिवस.

फी भरली. फॉर्म भरला. घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं का काम?"

मी तिच्यासमोर बसले, जुडी ओढून घेतली. म्हटलं, "झालं, आई."